कोकणातलं घर आवरताना नेमकं कुठे अडतं

मे महिना लागला की आमच्या गुहागरच्या पट्ट्यात घराघरात दोनच विषय असतात, आंब्याला भाव काय मिळाला आणि पावसाआधी घर कधी आवरायचं. आंब्याचं बागवाले बघतील. मला दुसऱ्या विषयावर लिहायचंय, कारण बरीच वर्षं बघतेय, आपल्याकडे घर आवरायचा उत्साह सगळ्यांना असतो, राबायची तयारी असते, बायका तर पार कंबर मोडेपर्यंत राबतात आणि तरी श्रावणात बघावं तर घर परत होतं तसंच, वर कपाट उघडलं की कुबट वास. मग आपणच आपल्याला आळशी म्हणायचं आणि गप्प बसायचं. मला हे अजिबात पटत नाही. आळशीपणाचा इथे काही संबंध नाही. आवरायची जी पद्धत आपण धरून बसलोय ती आपल्या हवेत चालणारीच नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मोबाईलवर ते घर आवरायचे व्हिडिओ येतात ना, सगळं एकसारख्या डब्यांत, झाकणं घट्ट, डबे एकावर एक, कपाट भिंतीला चिकटून, बाहेर एक वस्तू दिसता कामा नये. दिसायला सुरेखच दिसतं, वाद नाही. पण ती घरं असतात कोरड्या हवेतली, नाहीतर एसी लावलेली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला की बुरशीला वाढायला आणखी काही लागत नाही, आणि आपल्याकडे भर पावसात तो आठवडेच्या आठवडे ८५-९० च्या घरात असतो. म्हणून मी घरात कुठलीही वस्तू ठेवताना एकच विचार करते, ही जुलैत कशी असेल? आत्ता मेच्या उन्हात ती किती नीट दिसते याला फारसा अर्थ नाही.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते डब्यांपाशी. आवरायचं ठरलं की पहिलं काय, तर चिपळूणला जाऊन नाहीतर ऑनलाइन सेलमधून ते मोठे झाकणवाले प्लास्टिकचे बॉक्स आणायचे आणि मग त्यात काय भरायचं ते शोधायचं. काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरलेलंच नसतं, त्यामुळे नको असलेलं सगळं नीट घडी घालून बॉक्सात जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. आणि बॉक्स भरला की काम झालं असं वाटतं, आपल्याकडे तर काम तिथून पुढे सुरू होतं. सुती कापड हाताला कोरडं लागलं तरी हवेतली ओल त्यानं धरलेली असते, ती तशीच आत कोंडली की चतुर्थीला नेसायची साडी काढताना घडीच्या रेषेवर पिवळे-काळे ठिपके ठरलेले.

हे टाळता येतं, फार अवघड नाही. कपडे, गोधड्या, चादरी कडक उन्हात घालायच्या आणि दुपारी चारच्या आत आत घ्यायच्या, संध्याकाळपर्यंत दांडीवर ठेवल्या की खारा वारा सुटतो आणि कापड परत ओल धरतं, दिवसभराचं ऊन फुकट. बॉक्समध्ये ठेवायचंच असेल तर सिलिका जेलच्या पिशव्या टाका, पण टाकून विसरू नका. त्यातले निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरले, आता त्यांचा उपयोग नाही, मग एखाद्या जुन्या, स्वयंपाकाला कधीच न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. ते दाणे विषारी असतात, त्यामुळे पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आणि डांबरगोळ्यांवर फार भिस्त नको. डांबरगोळी कसर लागू देत नाही हे खरं, पण बुरशीला ती काही करत नाही. कितीतरी जणी मूठभर डांबरगोळ्या टाकून निर्धास्त होतात आणि मग साडीला वास डांबराचा पण आणि बुरशीचा पण. रेशमी साड्यांच्या घड्या मात्र मधूनमधून मोडून दुसरीकडून घालायच्याच, नाहीतर जर घडीवर तुटते.

पुठ्ठ्याचे खोके तर आपल्या घरात नकोतच. मुंबईहून काही आलं की तो मजबूत खोका टाकवत नाही, माळ्यावर जातो, त्यात जुनी पुस्तकं, पोरांच्या वह्या. पुठ्ठा म्हणजे वाळवीचं जेवण आणि वर तो ओल धरतो, तिला आणखी काय पाहिजे. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत, चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी ओढतो, त्यामुळे भिंतीला टेकलेलं जे काही असेल त्याची पाठ ओली होणारच. कपाट, ट्रंक, तांदळाची कोठी, काहीही असो, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीटभर वर. जागा जाते हो थोडी. पण मागून हात घालून वाळवीची मातीची रेघ वर चढलीय का ते बघता येतं, आणि ती रेघ वेळेत दिसणं फार महत्त्वाचं, एकदा ती कपाटाच्या आत शिरली की मग नुसतं झाडून भागत नाही.

माळ्याचं जरा वेगळं सांगायचंय. आमच्या सासूबाई सांगतात की पूर्वी माळ्यावर काहीही ठेवा, खराब व्हायचं नाही, आणि त्या बरोबरच सांगतात. तेव्हा खाली चूल होती. सकाळ-संध्याकाळ धूर वर जायचा, वाशांना, टोपल्यांना, बियाण्याच्या गाडग्यांना लागायचा, माळा कायम कोरडा आणि किड्यामुंग्या लांब. आता खाली गॅस आहे, चूल गेली न्हाणीघराकडे पाणी तापवायला, त्यामुळे माळ्याची ती ऊब गेली. पण सामान मात्र आपण अजून त्याच विश्वासाने वर चढवतो. माझ्या मते आताच्या घरात माळ्यावर फक्त तांब्या-पितळेची भांडी, गणपतीची मंडपी, लाकडी पाट असलं ठेवावं, कापड आणि कागद वर नकोच.

आणि माळ्यावर शेवटच्या क्षणी कोंबणं, हे तर प्रत्येक घरात. चाकरमानी यायच्या आदल्या दिवशी ओटी, माजघर मोकळं दिसायला हवं म्हणून जे हाताला लागेल ते माळ्यावर नाहीतर मागच्या खोलीत. मग रात्री बारा माणसं झोपायची म्हटलं की सतरंज्या कुठे, त्या मागच्या खोलीत सगळ्याच्या खाली. मोठं पातेलं कुठे, ते माळ्यावर, त्यात कुणीतरी जुने दिवे भरलेले. समईची वात, आरतीची टाळ, मोदकाचं पात्र, सगळं घरात आहे आणि सापडत काही नाही. गणपती दरवर्षी येतात हो, पाहुणेही दरवर्षी येतात. म्हणजे ही सगळी एक जागा ठरवून ठेवायची वस्तू झाली. आम्ही आता चतुर्थीचं सगळं, मंडपीच्या दोरीपासून जादा ताटांपर्यंत, मागच्या पडवीला लागून असलेल्या एकाच फडताळात ठेवतो आणि वर्षभर त्यात दुसरं काही घुसू देत नाही. फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय, काय काय आहे त्याचा, आणि विसर्जन झाल्यावर भांडी पुसून, उन्हं असली तर दाखवून, त्या यादीप्रमाणे परत लावायची. हे काम पाहुणे जायच्या आधी करायचं, हात पण जास्त असतात आणि कोणती वस्तू कुठे गेली ते चारजणांना कळतं.

स्वयंपाकघरात चूक होते ती काचेच्या बरण्यांची. वर्षाचा मसाला करायला आपण मिरच्या आणून, देठं काढून, उन्हात वाळवून, डंखावर नेऊन कुटून आणतो, केवढी मेहनत, आणि मग तो लालभडक छान दिसतो म्हणून खिडकीजवळच्या फळीवर काचेच्या बरणीत. उजेडाने मसाल्याचा रंग उडतो आणि वास पण कमी होतो. मसाला चिनी मातीच्या बरणीत अंधाऱ्या जागी, आठवड्यापुरता छोट्या डब्यात काढायचा, आणि काढताना चमचा ठणठणीत कोरडा. दुसरं म्हणजे जुन्यावर नवीन ओतणं. डब्यात अर्धी तूरडाळ शिल्लक असते, नवीन आणली की वरून ओतली, झालं. खालची डाळ तळाशीच राहते, तिच्यात टोके पडले की ते वरच्या नव्या डाळीतही जातात आणि सगळा डबा वाया. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात तापवून मगच नवीन भरायचं, उरलेली जुनी आधी संपवायची. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी भरताना हे वेळखाऊ वाटतं पण करावंच. आणि सुकट, बोंबील, सोडे हे कितीही घट्ट डब्यात ठेवले तरी चहापावडर आणि साखरेच्या फळीवर नकोत, त्यांना वेगळीच जागा द्या.

आता जो विषय मला सगळ्यात जास्त लागतो तो, मुंबईहून येणारं सामान. यावर कुणी फारसं बोलत नाही कारण बोललं की माणसं दुखावतात. पण आपल्या गावच्या घरांचं गोदाम होतंय ते यानेच. तिकडे फ्लॅटमध्ये नवीन सोफा येतो, मग जुना? गावाला पाठवू. जुना फ्रिज, प्लायचा बेड, पोरांची अभ्यासाची टेबलं, मिक्सर ज्याचं एक भांडं फुटलंय, सगळं गावाला. टेम्पो येणारच असतो कुणाचातरी. भावना वाईट नसते, उलट चांगलीच असते, घर आपलंच आहे, वस्तू वाया जाऊ नये, सुट्टीत आल्यावर उपयोगी पडेल. पण प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबलेले बोर्ड) या हवेत फुगतात, लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्याने गंजतो, फोम ओल धरून बसतो. आणि वर्षाचे अकरा महिने त्याची उस्तवार कोण करतं, तर जो गावात राहतो तो.

मागे आमच्या मोठ्या जाऊबाईंचा डोंबिवलीहून फोन आला होता. "अगं सोफा अजून चांगला आहे गं, टाकवत नाही. गावाला पाठवू का? ओटीवर होईल बसायला."

मी म्हटलं, "वैनी, ओटीवर पावसाची झड येते, एका पावसात त्याचं फडकं होईल. तिकडेच कुणाला लागत असेल तर देऊन टाका ना, तुमच्या कामवाल्या मावशींना विचारा. इथे बसायला बाकडी आहेत की."

त्यांना राग नाही आला. त्यांनी खरंच मावशींना विचारलं आणि त्या आनंदाने घेऊन गेल्या. सांगायचं एवढंच की आपण बोलतच नाही, गप्प बसून सामान उतरवून घेतो आणि मग वर्षभर मनात धुमसत राहतो. घरात येणारी वस्तू दारातच अडवली तर आवरायचं निम्मं काम वाचतं, आणि ते प्रेमाने, नीट कारण सांगून करता येतं. ज्या वस्तू गावात खरंच लागतात त्या आपणहून सांगाव्यात, की बाबा स्टीलची भांडी असतील तर पाठवा, चादरी पाठवा, प्लास्टिकच्या खुर्च्या चालतील.

याच्याच पोटातला दुसरा प्रश्न सामायिक घराचा. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर इतकी नावं, प्रत्येकाची एक ट्रंक, एक कपाट, कुणाची तरी जुनी सायकल. गावात राहणाऱ्याने आवरायचं ठरवलं तरी हात कुणाच्या वस्तूला लावायचा? आमच्या मागच्या खोलीत एक ट्रंक आहे, सासूबाईंनी मला आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं, "ती नानांची आहे गो, त्यांच्याकडचं कुणी असल्याशिवाय उघडायची नाही." आणि मला ते योग्य वाटतं. दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी टाकून द्यायची नाही, घर कितीही अडलेलं असो. एखादा फाटका कागद आपल्याला रद्दी वाटतो आणि समोरच्यासाठी तेच त्याच्या बापाचं अक्षर असतं. अशा एका वस्तूवरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी गावात बघितलंय. पण म्हणून ट्रंक पिढ्यान्‌पिढ्या तशीच सडू द्यायची हे पण बरोबर नाही. आम्ही काय केलं, प्रत्येक वस्तूवर कागद चिकटवून ज्याची त्याचं नाव लिहिलं, फोटो काढले, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि विचारलं की मे महिन्यात याल तेव्हा हे बघायचंय, काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. शिमग्याला आणि गणपतीला हा विषय काढू नका, तेव्हा पालखी, भजन, जेवणावळी यात कुणाला सवड नसते आणि घाईत बोललं की वाद होतात. मेमध्ये दुपारी माणसं निवांत असतात. नानांच्या मुलाने स्वतः ट्रंक उघडली, त्यातली पत्रं आणि एक फोटो घेऊन गेला, बाकीचं त्याच्याच हाताने मोकळं केलं, आणि ट्रंक घासून रंगवून आता आमच्या गोधड्यांना झालीय.

एका दिवसात सगळं करायला जाणं हे तर आहेच. सकाळी सगळी कपाटं उपसायची, खळ्यात ढीग, आणि नेमका वळीव आला की धावाधाव, ओलं-सुकं सगळं एकत्र आत. आणि सुरुवात तरी कशाने, तर फोटो अल्बमने! मग बसलंच माणूस एकेक फोटो बघत, दुपार झाली. आठवणींच्या वस्तू शेवटी घ्याव्यात. आधी ते घ्यावं जे पाऊस पहिल्यांदा खराब करणार, म्हणजे कागद, धान्य, कापड, या क्रमाने. एका दिवशी एकच प्रकार, आज फक्त गोधड्या, उद्या फक्त धान्याच्या कोठ्या. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, तोवर हे तीन झाले तरी बाकीचं पावसात सावकाश करता येतं.

परसातला पसारा बरेच जण आवरण्यात धरतच नाहीत. घर आतून लख्ख आणि मागच्या दाराशी नारळाच्या सोडणांचा ढीग, फुटकी कौलं, चिऱ्यांचे तुकडे, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले. आपल्याकडे फुरसं, हा विषारी साप, असल्याच जागी बसतं, विंचू पण. तांबड्या विंचवाचा दंश कोकणात किती जीव घ्यायचा ते जुन्या माणसांना विचारा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर उपचार शोधण्यात आयुष्य घातलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. औषध आहे हे खरं, पण रात्री वीज गेलेली असताना दवाखाना गाठणं आपल्याला माहितेय. म्हणून लाकडं, सोडणं दारापासून लांब, जमिनीपासून वर बांबूच्या मांडवीवर रचायची, काढताना आधी काठीने हलवायची, मगच हात घालायचा. कौलं एकावर एक आडवी नको, उभी आणि मोकळी लावा. फुटक्या बादल्या, टायर, करवंट्या यांत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, त्या सरळ काढूनच टाका. आणि प्लास्टिक जाळू नका, ग्रामपंचायतीची गाडी येत असेल तर तिला द्या, नसेल येत तर ती सुरू करायला ग्रामसभेत बोला.

कागदांचं मात्र सविस्तर सांगते कारण यात नुकसान भरून येत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या ओळखीच्या घरी जमिनीचे सगळे कागद, विम्याचे, पोरांच्या मार्कशीट, सगळं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या लॉकरमध्ये होतं. तीच घरातली सुरक्षित जागा, चोरापासून सुरक्षित. पाण्याचा विचार त्या कुलुपाने केलेला नव्हता. कपाट उघडेपर्यंत तो गठ्ठा एकजीव झालेला, आणि घाईने पानं सुटी करायला गेले तर फाटली. ओला गठ्ठा असा ओढायचा नसतो, पंख्याखाली अर्धवट सुकू द्यायचा, मधे कोरडा कागद घालत हळूहळू पान सुटं करायचं, शाई पुसायची तर अजिबात नाही.

त्याआधीच्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची छपरं उडाली, तिथे पाणी वरून आलं. म्हणजे खालचा कप्पा धोक्याचा आणि माळा पण धोक्याचा. मधल्या उंचीवर, हाताला लागेल असं, जाड प्लास्टिकच्या चेनवाल्या फोल्डरात कागद ठेवायचे, तो फोल्डर एका पिशवीत, आणि पिशवी अशी की उचलली आणि निघालो. खरेदीखत, मृत्युपत्र, बँकेच्या ठेवी, यांच्या मूळ प्रती त्यात. आधार, लायसन्स, मार्कशीट यातलं जे मिळतं ते डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये घ्या, २०१५ पासून ती सोय आहे आणि तिथे त्या-त्या खात्याकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ कागदाइतकाच धरला जातो. डिजिटल सहीचा सातबारा पण ऑनलाइन काढता येतो. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका, आत ओल राहिली तर कागद आतल्या आत कुजतो आणि मग सोडवताही येत नाही. दुकानाच्या गुळगुळीत कागदाच्या बिलावरची अक्षरं वर्षभरात उडतात, फ्रिजची, पंपाची वॉरंटी असेल तर त्या बिलाची आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा.

आणि ही पिशवी कुठे आहे ते घरातल्या एकाच माणसाला माहीत असून चालत नाही. बहुतेक घरांत ते फक्त बाबांना ठाऊक असतं, आणि बाबा नेमके रत्नागिरीला गेलेले असतात. आमच्याकडे सासूबाईंना माहितेय, लेकीला माहितेय, डोंबिवलीच्या वैनींकडे सगळ्याचे स्कॅन आहेत, आणि मृगाआधी एकदा पिशवी उघडून सिलिका जेल बदलायचं काम यंदापासून लेकीने अंगावर घेतलंय.